नसलेल्या कॉटला वळसा

आमच्याकडं माणूस गेलं की घर असं धुऊन काढतात, की ते माणूस तिथं कधी राहिलंच नव्हतं. कऱ्हाटीच्या आमच्या घरात तात्या गेल्यावर हेच झालं. तात्या म्हणजे माझे वडील. काठी आणि वहाणा त्यांच्याबरोबर चितेवर गेल्या. धोतरं, टोप्या, थंडीत अंगावरून न उतरणारी घोंगडी, सगळं दहाव्याच्या आत देऊन टाकलं. पडवीतली त्यांची लोखंडी कॉट ऊसतोडीच्या एका कुटुंबाला दिली. मग पडवी फिनेलनं धुतली, वर गोमूत्र शिंपडलं आणि भिंतींना चुना मारला. लोणी भापकरच्या आत्यानं या सगळ्यावर उभं राहून देखरेख केली. आत्या शिस्तीची बाई. तिच्यापुढं सुतकसुद्धा वेळेवर फिटतं.

आईच्या बांगड्याही तिनंच उतरवल्या. हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या, माझ्या आठवणीत आईचे हात कधी त्यांच्याशिवाय नव्हतेच. आत्यानं त्या फोडल्या नाहीत. तेल लावून एकेक काढल्या, फडक्यात बांधल्या आणि नदीत सोडायला दिल्या. बघा, किती सुधारलो आपण, असा तिचा चेहरा होता. मी भांडायला तोंड उघडलं होतं. सासरचे म्हणतात ते खोटं नाही, मला तोंड आहे. पण आईनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि मी गप्प बसले.

माझं सासर इंदापूरकडं, उजनीच्या पाण्याजवळ. तिथल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. तात्या गेले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यामुळं मी आईजवळ राहिले. आई, भाऊ आणि मी. भाऊ सकाळी बारामतीला एमआयडीसीत कामाला जाई तो संध्याकाळी येई. दिवसभर घरात आम्ही दोघी आणि पडवीत कुत्रा.

कुत्रा तात्यांचा. तांबडा, गावठी, एक कान कायम दुमडलेला. ऊस तोडताना फडात सापडलेलं पिल्लू तात्यांनी घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. आम्ही त्याला हौसेनं नाव ठेवलं, पण तात्यांनी ते कधी तोंडात घेतलं नाही. ते नुसतं ‘चल’ म्हणायचे आणि तो निघायचा. रात्री त्यांच्या कॉटखाली झोपायचा, दिवसा त्यांच्या काठीमागं हिंडायचा. बाकी आम्ही त्याच्या लेखी बिनभाड्याचे भाडेकरू होतो.

कॉट गेल्यावरही तो तिथंच झोपत राहिला, उघड्या फरशीवर. आणि चालताना नसलेल्या कॉटला वळसा घालत राहिला. दारातून आला की सरळ यायचं सोडून भिंतीच्या कडेनं जायचा, जिथं कॉटचा कोपरा होता तिथं अंग चोरायचा, मग पुन्हा आत वळायचा. त्या कोपऱ्यानं माझे गुडघे लहानपणापासून कितीदा फोडले होते. आता तिथं धुतलेल्या फरशीशिवाय काही नव्हतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

दहाव्याला कऱ्हेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भाऊ हात जोडून एकेक कबूल करायला लागला. आईला अंतर देणार नाही. रान पडीक टाकणार नाही. बहिणीचं माहेर तोडणार नाही. हे शेवटचं ऐकून मी त्याच्याकडं बघितलं, कारण तात्या असताना तो कधी असं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. कावळे बाभळीवर बसून सगळं ऐकून घेत होते. ऊन चढलं, लोकांना जेवायची घाई झाली, कावळ्यांना नव्हती. शेवटी मागून एक म्हातारे आबा म्हणाले, “कुत्र्याचं सांगा की रं. तात्याचा जीव हुता त्याच्यात.”

भाऊ म्हणाला, “तात्या, कुत्र्याला आई संबाळंल. तिच्या हातनं भाकरी खाईल त्यो.”

आणि कावळा खाली आला.

मी विज्ञान शिकवते. कावळ्याला भूक लागली होती, हे त्याचं साधं उत्तर मला माहीत आहे. पण तेव्हा अंगावर सरसरून काटा आला, तोही माझ्याच.

आई घरी होती. तिला हे कळलं तशी ती चुलीपुढं बसली, ताजी भाकरी केली आणि ती घेऊन पडवीत गेली. कुत्रा पडला होता. ती अगदी जवळ गेल्यावर तो दचकून उठला, दात दाखवले आणि छातीतून गुरगुरला. आई जागच्या जागी थबकली. तिनं भाकरी जमिनीवर ठेवली आणि मागं सरली. ती आत गेल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्यावर गुरगुरला असता तर कुणी मनावर घेतलं नसतं, मी सुट्टीपुरती पाहुणी. पण जिच्या हातची भाकरी तो पिल्लू असल्यापासून खात आला, तिच्यावरच तो दात काढत होता. आणि डोळे बघावे तर भलतेच. बाहुल्या पसरून सगळा डोळा काळा झालेला, उजेड पडला की आतून हिरवट चमकायचा. तासन्‌तास तो भिंतीकडं तोंड करून बसायचा, कॉट होती त्या बाजूला. भेटायला येणाऱ्या बायका ते बघून हळूच पदर सावरायच्या. एकीनं तर त्याला हात जोडले.

“तात्याच हायत गं,” ती आईला म्हणाली. “बग कसं टक लावून बगत्यात.”

मी त्या बाईला चहा न देताच वाटेला लावलं असतं. पण आईनं काही उत्तर दिलं नाही, आणि मला भीती वाटली ती त्याची.

ती कशानं गप्प होती ते मला ठाऊक होतं. शेवटच्या दुखण्यात तात्या एकच म्हणत होते, मला घरीच ऱ्हाऊ द्या. भाऊ म्हणाला, दवाखान्यात नेऊ. आईनं भावाच्या बाजूनं कौल दिला. बारामतीच्या दवाखान्यात नळ्या लावलेल्या अवस्थेत ते गेले, आणि ती तेव्हा बाहेर बाकावर बसलेली होती. आता ते कुत्र्याच्या तोंडानं तिच्यावर गुरगुरत होते, असं तिनं मनाशी धरलं होतं. एकदा भाकरी ठेवून आत आल्यावर ती मला म्हणाली, “रागवल्यात माज्यावर. खाणार न्हाईत माज्या हातचं.” आवाज अगदी साधा होता, आज पाणी येणार नाही म्हणतो तसा.

मी भावाच्या मागं लागले आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या टेम्पोत घालून कुत्र्याला बारामतीला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत उजेड मारला. तोंडापुढं कापसाचा बोळा सोडला. बोळा तरंगत खाली गेला, कुत्र्याची नजर हलली नाही.

“याला दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आतला पडदा गेलाय. हे काल-परवाचं नाही, हळूहळू गेलेलं आहे. बरेच महिने झाले असतील.”

भाऊ म्हणाला, “न्हाय ओ. तात्या असंपतुर सगळीकडं हिंडायचा की. हिरीवर जायचा, रानात जायचा.”

“मग कुणीतरी हिंडवत असेल,” डॉक्टर म्हणाले.

परत येताना टेम्पोत मला काठी आठवत होती. वर्षभरात मी जेव्हा जेव्हा माहेरी आले, तात्या काठीनं प्रत्येक वस्तूला टोला देत चालायचे. दाराच्या उंबऱ्याला एक, कॉटच्या पायाला एक, पाण्याच्या हौदाला एक, गोठ्याच्या फाटकाला एक. म्हातारपणी लागलेला चाळा, असं आम्ही धरून चाललो होतो. मी चेष्टाही केली होती, तात्या, काठीनं सगळ्यांना रामराम घालत चालता व्हय? ते हसून म्हणाले होते, “सांगावं लागतं.” मला वाटलं विनोद केला. ते कुत्र्याला सांगत होते. हा उंबरा, ही कॉट, हा हौद. पाय उचल, बाजूला हो, थांब. कुणाला कळू दिलं नाही, कारण राखणीच्या आंधळ्या कुत्र्याचं वस्तीवर काय करतात ते त्यांना माहीत होतं.

म्हणजे तात्या गेले तेव्हा कुत्र्याचे डोळे गेले, आणि मग आम्ही दहा दिवस राबून त्याचं उरलेलंही काढून घेतलं. काठी जाळली. घोंगडी दिली. कॉट दिली. वास फिनेलनं धुतला. सगळं कसं रीतीप्रमाणं.

घरी आल्यावर मी आईला समजावलं. त्याला दिसत नाही, तू अचानक जवळ येतेस, तो भितो म्हणून गुरगुरतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दिसत नसंल. पर कुत्रं वासानं वळखतं की गं. मला वळखत न्हाय व्हय?” यावर मी फिनेल, गोमूत्र, चुना असं काहीबाही सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही बोलताना जीभ अडखळत होती.

डॉक्टरांनी काही गोष्टी सांगितल्या होत्या. सामान हलवायचं नाही. हात लावण्याआधी बोलायचं. वाटेवर पायाला वेगळं लागेल असं काही अंथरायचं. मी पडवीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पोत्याचे तुकडे अंथरले. बोलण्याचं मात्र जमेना. आई त्याच्याशी बोलायला तोंड उघडायची आणि आवाजच फुटायचा नाही. नवरा समजून घाबरलेली बाई कुत्र्याला काय हाक मारणार?

मग मला वाटलं, काठी. गोठ्यातला एक बांबू घेतला आणि दुपारी तात्यांच्यासारखा उंबऱ्याला टोला दिला. मग हौदाला. मग फाटकाला.

कुत्रा उठला. एवढ्या दिवसांत तो असा उठलेला मी बघितला नव्हता. शेपूट, कंबर, सगळं अंग हलत होतं, तोंडातून बारीक आवाज येत होता. पोत्यांवरून न अडखळता तो माझ्याकडं आला, पायाचा वास घेतला आणि माझ्या बाजूनं पुढं गेला. माझ्या मागं त्यानं शोधलं. हौदामागं शोधलं. मग फाटकाशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसला. मी कितीही बोलावलं तरी तो अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.

मी घरात आले तर आई स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर पातेलं, त्यात पाणी उकळत होतं. आम्ही दोघी नुकताच चहा प्यायलो होतो.

“पुन्ना वाजवू नगंस,” ती म्हणाली. “त्याला बी फसिवतीस आन्‌ मला बी. मी ह्येंचं आधण ठिवलं.”

तिनं गॅस बंद केला. मी बांबू गोठ्यात नेऊन ठेवला आणि तिथंच थोडा वेळ रडले. मला तात्यांची आठवण अशी तोपर्यंत आलीच नव्हती. दुःख करायला जी शांतता लागते ती आत्यानं मला दिलीच नव्हती.

त्यानंतर मी घुंगराचा उपाय केला. गोठ्यात जुनी घुंगरं होती, त्यातलं एक आईच्या पायात नाडीनं बांधलं, म्हणजे तिची चाहूल आधी लागेल. “म्हातारपणी आता चाळ बांदून नाचू व्हय?” ती म्हणाली आणि तात्या गेल्यापासून पहिल्यांदा हसली. ती चालायला लागली. कुत्र्यानं कान टवकारला, उठला, भुंकला, आणि तिच्या पोटरीला तोंडानं ढुशा देत तिला गोठ्याकडं हाकलायला लागला. तसलंच घुंगरू आमच्या शेळीच्या गळ्यातही होतं.

“शेळी म्हणून तरी जवळ आला,” मी म्हणाले. आम्ही दोघी हसत सुटलो. पण हसणं ओसरल्यावर तिनं पाय पुढं केला आणि घुंगरू सोडायला लावलं. भाकरी त्या दिवशीही जमिनीवरच ठेवली गेली. आमचं हसणं संपलं तसा तो पुन्हा नसलेल्या कॉटखाली जाऊन पडला होता. आता तो दिवसदिवस उठत नव्हता. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. भाऊ एकदा हळूच म्हणाला, “ताई, ह्यो काय ऱ्हात न्हाय.” आईनं ते ऐकलं. हा कुत्रा तिच्या हातचं न खाता गेला असता, तर ती स्वतःला काय समजली असती ते मला माहीत होतं. ते कुठल्याच डॉक्टरला बरं करता आलं नसतं.

अशात एका सकाळी धाकटी चुलती मदतीला आली. पलीकडच्या वस्तीवर राहते, बोलकी बाई. पाहुणे जेवायला यायचे होते म्हणून दोघी समोरासमोर बसून भाकरी थापायला लागल्या. चुलतीच्या हातात हिरव्या बांगड्या. ती भाकरी थापत होती, आणि प्रत्येक थापेला बांगड्या किणकिणत होत्या. मी दारात बसून शेंगा फोडत होते.

पडवीत कुत्रा उठल्याचा आवाज आला. तो भिंतीच्या कडेनं आला, कॉटला वळसा घातला, उंबऱ्यावर पाय चाचपला आणि स्वयंपाकघरात शिरला. तात्या गेल्यापासून तो आत आला नव्हता. शेपूट हलवत तो थेट चुलतीपाशी गेला आणि तिच्या मनगटाला नाक लावलं.

“आगं बया, मला का चिकाटतंय ह्ये?” चुलती म्हणाली.

नाक लावल्यावर त्याची शेपूट थांबली. त्यानं चुलतीचा वास घेतला, मान वळवून आईच्या बाजूचा वास घेतला, पुन्हा चुलतीचा. आवाज एकीकडं आणि वास दुसरीकडं. तो दोघींच्या मध्ये उभा राहून कुरकुरायला लागला, हरवलेल्या पोरासारखा.

आईचे पिठाचे हात तसेच थांबले होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग चुलतीला म्हणाली, “हात हलीव बगू.”

चुलतीनं हात हलवला. शेपूट हलली.

“ऱ्हाऊ दे.”

हात थांबला, शेपूट थांबली. आई बराच वेळ आपली मोकळी मनगटं बघत बसली. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी कोणी उठलं नाही.

“माजा आवाजच काडून न्हेला की गं,” ती म्हणाली. “त्यानं वळखावं तरी कशानं?”

पुढच्या वेळी कुत्र्याला दाखवायला बारामतीला नेलं तेव्हा ती आमच्याबरोबर आली. दवाखान्यातून निघाल्यावर तिनं भावाला टेम्पो कासाराच्या दुकानापुढं थांबवायला सांगितला. भावानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानात बसलेल्या बाईनं आईचं मोकळं कपाळ बघितलं, मग माझ्याकडं बघून विचारलं, “कुणाच्या मापाच्या दावू? तुमच्या व्हय?”

“माज्या,” आई म्हणाली. “कुत्र्यासाटी पायजेत.”

बाईला काय समजलं देव जाणे. रंग कुठला, असं तिनं चाचरत विचारलं. तिनं चॉकलेटी काढल्या, मग निळ्या. आई रंग बघतच नव्हती. एकेक जोड हातात घेऊन कानाशी हलवायची आणि परत द्यायची. “ह्या बारीक वाजत्यात,” ती म्हणायची. “ह्या बद्द हायत.” शेवटी तिनं स्वतःच बोट दाखवलं. त्या हिरव्या होत्या. बाई क्षणभर थांबली, मग तिनं आईचा हात हातात घेतला आणि सवाष्णीला भरावा तसा सावकाश हात भरला. मला तिथं उभं राहवेना. मी टेम्पोत येऊन बसले.

भाऊ म्हणाला, “आत्याला काय सांगायचं?”

“कुत्र्याच्या हायत म्हणून सांग,” मागून येत आई म्हणाली. टेम्पोच्या हौद्यात कुत्र्यानं मान उचलली होती.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि भाकरीला बसली. पहिली भाकरी निवू दिली. मग पडवीत जाऊन फरशीवर बसली, तात्यांची कॉट होती तिच्या कडेला. बोलली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, तेवढ्या हालचालीनं बांगड्या वाजल्या.

तो आला. गुरगुरला नाही, घाईही केली नाही. मनगटाला नाक लावलं. या वेळी आवाज आणि वास एकाच ठिकाणी होते. त्यानं तिचा हात चाटला आणि हातातला तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. सगळी भाकरी तिच्या हातनं खाल्ली आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकून तो पडून राहिला.

मला वाटलं आता ती समाधानानं काही बोलेल. ती त्याच्या दुमडलेल्या कानावरून हात फिरवत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“रागवलं न्हवतं गं कुणी,” मी म्हणाले. “बघ, निव्वळ भीत होता तो.”

“कळलं मला,” ती म्हणाली. “रागवल्यालं का हुईना, घरात हुतं. आता ह्यो निसता कुत्रा ऱ्हायला.”



शाळा उघडायच्या आधी मी परत निघाले. निघायच्या सकाळी आई चहा घेऊन पडवीत आली, मागं बांगड्यांच्या आवाजावर कुत्रा. उंबरा ओलांडून ती सरळ माझ्याकडं येऊ शकली असती. ती भिंतीच्या कडेनं गेली, कोपऱ्याशी साडी सावरून घेतली आणि मग वळून माझ्यापर्यंत आली. मागोमाग त्यानंही तेच केलं. तिला दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं, वाट एकच होती.

मी चहा प्यायले. मग कप ठेवायला आत निघाले आणि मीही भिंतीच्या कडेनंच गेले.